पीएसए कमी, तरी आजार पुढे: प्रोस्टेट कॅन्सरच्या दुर्मीळ आणि आक्रमक प्रकारांवर संशोधन काय सांगतं?

प्रोस्टेट कॅन्सरचा रुग्ण असलेल्या घरात एक आकडा सगळ्यांना पाठ असतो, तो म्हणजे पीएसए. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, रिपोर्ट आला की आधी तो आकडा बघायचा. कमी झाला तर हुश्श, वाढला तर काळजी. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा हिशेब बरोबरच असतो. पण थोड्या रुग्णांमध्ये आजार अशी वाट धरतो की हा आकडा खालीच राहतो आणि कॅन्सर मात्र यकृतापर्यंत, हाडांपर्यंत जातो. प्रोस्टेट कॅन्सरच्या दुर्मीळ आणि आक्रमक प्रकारांवर गेल्या पंधरा वर्षांत जे संशोधन झालं, त्याचा मोठा भाग याच कोड्याभोवती फिरतो. हे प्रकार थोड्यांनाच होतात. पण ज्यांना होतात त्यांच्याकडे वेळ कमी असतो, म्हणून त्यांची ओळख लवकर पटणं फार महत्त्वाचं ठरतं.

नेहमीचा प्रोस्टेट कॅन्सर कसा असतो?

प्रोस्टेट म्हणजे पुरस्थ ग्रंथी. पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ही ग्रंथी. तिच्यातल्या लहान लहान पिशव्यांच्या अस्तरात होणारा कॅन्सर हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. दहापैकी नऊहून जास्त रुग्ण याच गटातले असतात. या पेशींना वाढायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लागतं. अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवून दिलं, की हे हार्मोन तोडलं तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही आटतो. त्यासाठी त्यांना 1966 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आजही अंडकोष काढण्याची शस्त्रक्रिया, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं, अबिराटेरोन आणि एन्झालुटामाइडसारख्या गोळ्या हे सगळे उपचार त्याच एका तत्त्वावर चालतात.

ऊस लावणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड नाही. पाटाचं पाणी बंद केलं की ऊस वाळतो. हार्मोन बंद केलं की बहुतेक प्रोस्टेट कॅन्सर तसाच वाळतो. काही वर्षांनी तो पुन्हा डोकं वर काढतो, पण तेव्हाही बहुतेक वेळा त्याची मुळं पाण्याच्याच शोधात असतात. म्हणून हार्मोन आणखी कडक बंद करणारी नवी औषधं लागू पडतात. अडचण होते ती त्याच रानात पाण्याशिवाय वाढणारी बाभूळ उगवली तर. तिला पाट बंद केल्याचा काहीच फरक पडत नाही.

दुर्मीळ प्रकार कोणते?

पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली गाठीचा तुकडा बघतात तेव्हा काही वेगळ्या जाती दिसतात. त्यातल्या तीन महत्त्वाच्या.

पहिली स्मॉल सेल किंवा न्यूरोएंडोक्राइन कॅन्सर. यातल्या पेशी लहान, गच्च दाटलेल्या आणि भराभर वाढणाऱ्या असतात. त्या मज्जासंस्थेच्या आणि हार्मोन तयार करणाऱ्या पेशींसारखं वागतात. सुरुवातीलाच हा प्रकार निघणं फारच दुर्मीळ, साधारण शंभरात एक किंवा त्याहूनही कमी. नेहमीच्या कॅन्सरवर हार्मोनचे उपचार चालू असताना मात्र पुढे तो तयार होऊ शकतो, आणि ते तितकं दुर्मीळ नाही.

दुसरी डक्टल कॅन्सर. हा ग्रंथीच्या मोठ्या नळ्यांमध्ये वाढतो. तो शुद्ध रूपात क्वचित दिसतो, नेहमीच्या कॅन्सरमध्ये मिसळलेला जास्त वेळा सापडतो. 1967 साली त्याचं पहिलं वर्णन झालं तेव्हा तो गर्भाशयाच्या अस्तरासारखा दिसतो म्हणून त्याला तसंच नाव दिलं गेलं होतं. पुढे तो प्रोस्टेटचाच असल्याचं सिद्ध झालं. मूत्रनलिकेजवळ वाढत असल्यामुळे यात लघवीतून रक्त जाणं, लघवी अडणं ही लक्षणं आधी दिसू शकतात.

तिसरी इंट्राडक्टल कॅन्सर. कॅन्सरच्या पेशी आधीपासून असलेल्या नळ्यांमध्ये शिरून त्या भरून टाकतात. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये हा शब्द दिसला तर शेजारी जोरदार आजार असण्याची शक्यता जास्त असते, आणि आनुवंशिक दोषाशीही त्याचा संबंध दिसलेला आहे.

याशिवाय सार्कोमा, स्क्वॅमस सेल असे आणखी विरळ प्रकार आहेत. सगळ्यांना लागू पडणारी एक गोष्ट अशी, की ज्या ग्लिसन स्कोअरवर प्रोस्टेट कॅन्सरची तीव्रता ठरते तो प्रत्येकाला लावता येत नाही. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लिसन यांनी 1966 च्या सुमारास ही पद्धत मांडली. रिपोर्टमध्ये 3+3, 4+4 असे आकडे येतात ते याच पद्धतीचे. स्मॉल सेल कॅन्सरला मात्र हा स्कोअर देतच नाहीत. तो मुळातच जोरदार समजला जातो.

पीएसए गप्प का राहतं?

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेलं एक प्रथिन. ते किती बनवायचं याचा हुकूम पेशीतल्या हार्मोन ओळखणाऱ्या यंत्रणेकडून येतो. या यंत्रणेला अँड्रोजन रिसेप्टर म्हणतात. नेहमीच्या कॅन्सरमध्ये ही यंत्रणा चालू असते, म्हणून पेशी वाढल्या की पीएसए वाढतं.

न्यूरोएंडोक्राइन पेशींनी ही यंत्रणाच बंद करून टाकलेली असते. त्यांना वाढायला हार्मोन लागत नाही आणि त्या पीएसएही बनवत नाहीत. म्हणजे ज्या कारणाने औषध लागू पडत नाही, त्याच कारणाने रक्ताच्या तपासणीत आजार दिसत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात. पीएसए कमी आहे म्हणून घरचे निवांत, आणि रुग्णाचं वजन उतरत चाललेलं, भूक गेलेली, कंबर किंवा पाठ सतत दुखणारी, असं चित्र यातूनच तयार होतं.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी अशा आक्रमक आजाराची ओळख पटवण्यासाठी काही खुणा ठरवल्या. आजार फक्त यकृत-फुप्फुसासारख्या अवयवांत पसरलेला असणं, हाडं पोखरली जाणं, ओटीपोटात किंवा लिम्फ गाठींमध्ये मोठा गोळा असणं, हार्मोनचा उपचार सुरू केल्यापासून सहा महिन्यांच्या आतच त्याचा परिणाम संपणं, या त्यातल्या काही. आणखी एक खूण खास लक्षात ठेवण्यासारखी: पीएसए 10 किंवा त्याहून कमी, पण हाडांमध्ये 20 किंवा जास्त ठिकाणी आजार. आकडा आणि स्कॅन यांचा मेळ बसत नसेल तर विश्वास स्कॅनवर ठेवायचा, असा याचा सरळ अर्थ.

पेशी जात बदलतात

हा वेगळा कॅन्सर येतो कुठून, हा प्रश्न बरीच वर्षं वादाचा होता. सुरुवातीपासून थोड्या न्यूरोएंडोक्राइन पेशी असतात आणि औषधांनी बाकीच्या मेल्यावर त्याच उरतात, असं काहींना वाटायचं. नेहमीच्याच पेशी रूप बदलतात, असं दुसरा पक्ष म्हणायचा.

एकाच रुग्णाच्या जुन्या आणि नव्या गाठीतला डीएनए तपासल्यावर दुसऱ्या मताला बळ मिळालं. दोन्हींमध्ये बरेच दोष सारखेच निघाले, म्हणजे मूळ एकच. हार्मोनच्या औषधाचा दाब आला तेव्हा काही पेशींनी प्रोस्टेटची पेशी असणंच सोडून दिलं.

हे कसं घडतं ते 2017 च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या दोन शोधनिबंधांनी दाखवलं. एक न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाचा, दुसरा बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेतला. प्रत्येक पेशीत टीपी53 आणि आरबी1 नावाची दोन जनुकं राखणदारासारखी असतात. पेशीने बेताल वाढू नये, आपली ओळख सोडू नये, यावर ती लक्ष ठेवतात. ही दोन्ही जनुकं निकामी झाली की पेशीला रूप बदलायची मोकळीक मिळते आणि हार्मोनची औषधं बोथट होतात. उंदरांवरच्या प्रयोगात आणखी एक आशादायक गोष्ट दिसली. ईझेडएच2 नावाचं एक प्रथिन रोखल्यावर काही पेशी पुन्हा जुन्या रूपाकडे वळल्या आणि औषध परत लागू पडू लागलं.

पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ओवेन विट यांच्या गटाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. माणसाच्या प्रोस्टेटमधल्या आणि फुप्फुसातल्या निरोगी पेशींमध्ये त्यांनी तेच ते पाच बदल घडवले. दोन्हीकडे जवळजवळ एकसारखा स्मॉल सेल कॅन्सर तयार झाला. अवयव वेगळा, पण शेवटचा मुक्काम एकच. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरची औषधं प्रोस्टेटच्या या प्रकाराला का लागू पडतात, याचं उत्तर यातून मिळतं.

किती जणांमध्ये असं होतं?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रुग्णालयांनी मिळून एक अभ्यास केला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हार्मोनच्या उपचाराला दाद न देणाऱ्या, पसरलेल्या आजाराच्या रुग्णांची पुन्हा बायोप्सी करण्यात आली. तपासता आलेल्या 160 रुग्णांपैकी 17 टक्के रुग्णांमध्ये स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन बदल सापडला. सुरुवातीला शंभरात एखाद्याला असलेला हा प्रकार, कडक उपचारांनंतर सहापैकी एकात दिसला.

यावरून हार्मोनचे उपचारच वाईट, असा निष्कर्ष काढणं मात्र चूक ठरेल. याच औषधांनी हजारो रुग्णांचं आयुष्य वाढवलं आहे. ती घाबरून बंद करणं जास्त धोक्याचं. बोध एवढाच घ्यायचा, की आजाराचं वागणं बदललं तर जुन्या रिपोर्टवर विसंबून राहू नये.

ओळखायचं कसं?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जिथे आजार नव्याने वाढला आहे तिथला तुकडा काढून तपासणं. पाच वर्षांपूर्वीच्या बायोप्सीत आजचा आजार दिसत नाही. तुकड्यावर पॅथॉलॉजिस्ट सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन अशा खुणांसाठी खास रंग वापरतात. केआय-67 ही तपासणी पेशी किती वेगाने वाढतात ते सांगते.

स्कॅनच्या बाबतीतही एक मेख आहे. प्रोस्टेट कॅन्सरसाठी हल्ली पीएसएमए पेट स्कॅन खूप वापरतात. पेशीच्या पृष्ठभागावर पीएसएमए नावाचं प्रथिन असेल तरच ती त्यात चमकते. न्यूरोएंडोक्राइन पेशी बऱ्याचदा हे प्रथिनही सोडून देतात. मग पीएसए कमी, पीएसएमए स्कॅनही बऱ्यापैकी स्वच्छ, आणि आजार मात्र वाढतोय, असं होऊ शकतं. अशा वेळी साखरेवर आधारलेला एफडीजी पेट स्कॅन उपयोगी पडतो, कारण वेगाने वाढणाऱ्या पेशी साखर जास्त ओढून घेतात.

बायोप्सी पुन्हा पुन्हा करणं सोपं नाही. हाडातला तुकडा काढणं त्रासाचं असतं आणि कधी पुरेसा नमुनाच मिळत नाही. म्हणून रक्तात तरंगणारे कॅन्सरच्या डीएनएचे तुकडे तपासून हा बदल ओळखता येईल का, यावर काम चालू आहे. बोस्टनच्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. हिमिषा बेल्ट्रान यांचा या क्षेत्रात मोठा वाटा आहे. डीएनएवरच्या रासायनिक खुणांची मांडणी न्यूरोएंडोक्राइन आजारात वेगळी असते आणि ती रक्तातून वाचता येते, असं या कामातून दिसलं आहे. रोजच्या वापरात ही तपासणी यायला अजून अवकाश आहे.

उपचार कुठवर आले?

स्मॉल सेल प्रकारात मुख्य उपचार केमोथेरपीचा. सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, सोबत एटोपोसाइड. ही औषधं जुनी आहेत, भारतात तयार होतात आणि सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आहेत. म्हणजे पहिल्या टप्प्याच्या उपचारासाठी परदेशी महागड्या औषधावर अडून राहावं लागत नाही. गाठी सुरुवातीला भराभर कमी होतात. दुःखाची बाजू अशी, की बऱ्याच रुग्णांमध्ये हा परिणाम काही महिनेच टिकतो.

आक्रमक आजारासाठी दोन औषधं जोडून द्यावीत का, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तपासलं. 160 रुग्णांचे दोन गट केले गेले. एकाला फक्त कॅबाझिटॅक्सेल, दुसऱ्याला त्याच्या जोडीला कार्बोप्लॅटिन. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ पहिल्या गटात 4.5 महिने, दुसऱ्या गटात 7.3 महिने निघाला. ज्यांच्या गाठीत टीपी53, आरबी1 आणि पीटीईएन या तीनपैकी किमान दोन जनुकं बिघडलेली होती त्यांना जोड-उपचाराचा फायदा जास्त झाल्याचं नंतरच्या विश्लेषणात दिसलं. तीन महिन्यांचा फरक बाहेरच्याला थोडा वाटेल. त्या घरात तो थोडा नसतो.

प्रत्येक आशा पुरी झालेली नाही, हेही सांगायला हवं. ऑरोरा-ए हे प्रथिन रोखणाऱ्या अलिसर्टिब या औषधाकडून बऱ्याच अपेक्षा होत्या. 60 रुग्णांवरच्या चाचणीत ते ठरवलेलं उद्दिष्ट गाठू शकलं नाही. पण मोजक्या रुग्णांना मात्र अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला गुण आला, आणि त्यांच्या गाठींमध्ये त्या प्रथिनाचा मार्ग खरोखर जोरात चालू असल्याचं आढळलं. सगळ्यांना एकच औषध नको, आधी गाठीचा स्वभाव बघा, हा धडा त्यातून मिळाला.

सध्या लक्ष आहे ते डीएलएल3 या प्रथिनाकडे. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर ते जवळजवळ नसतं, पण न्यूरोएंडोक्राइन कॅन्सरच्या बहुतेक गाठींमध्ये असतं. टार्लाटामॅब हे औषध एका बाजूने या प्रथिनाला आणि दुसऱ्या बाजूने शरीराच्या टी-पेशीला धरतं आणि दोघांची गाठ घालून देतं. पुढचं काम टी-पेशी करते. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरसाठी अमेरिकेत त्याला मे 2024 मध्ये मान्यता मिळाली. प्रोस्टेटच्या न्यूरोएंडोक्राइन प्रकारात त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या आहेत. ईझेडएच2 रोखणारी औषधंही आता उंदरांपुरती राहिलेली नाहीत, माणसांवर त्यांच्या चाचण्या चालू आहेत.

आजार एकाचा, तपासणी घरातल्यांचीही

आक्रमक प्रोस्टेट कॅन्सरमागे कधी कधी आईवडिलांकडून आलेला जनुकातला दोष असतो. 2016 मध्ये पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या 692 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 11.8 टक्के रुग्णांमध्ये डीएनए दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जनुकात असा जन्मजात दोष मिळाला. सर्वांत जास्त वेळा सापडलं ते बीआरसीए2.

स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरशी जोडलेलं हेच ते जनुक. ते बायकांचं जनुक, हा समज चुकीचा आहे. बाप ते मुलाला देतो तसंच मुलीलाही देतो. रुग्णाच्या रक्तात हा दोष निघाला तर त्याचे भाऊ, बहिणी, मुलगे आणि मुली अशा प्रत्येकाकडे तो असण्याची शक्यता निम्मी असते. लग्न झालेल्या मुलीला ‘आता ती त्या घरची’ म्हणून यातून वगळता येत नाही.

रुग्णालाही याचा थेट उपयोग होतो. बीआरसीए दोष असलेल्या पसरलेल्या आजारात ओलापरिब या गोळ्या उपयोगी पडतात. अमेरिकेत त्यांना या कारणासाठी मे 2020 मध्ये मान्यता मिळाली. थोड्या रुग्णांमध्ये दुसऱ्या एका दुरुस्ती यंत्रणेचा बिघाड असतो, तिथे पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी चालते. दोष शोधल्याशिवाय ही औषधं कोणाला द्यायची हे कळत नाही.

आपल्याकडे काय आहे?

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी सरकारचा तपासणी कार्यक्रम आहे, प्रोस्टेटसाठी तसा नाही. लघवीचा त्रास ‘वयामुळे’ म्हणून सोडून देण्याची सवयही जुनी. त्यामुळे अनेक रुग्ण आजार पसरल्यावरच डॉक्टरांकडे पोचतात.

पण भारतातलं काम मागे आहे असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये जास्त जोखमीच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या 224 रुग्णांवर रेडिएशनची चाचणी झाली. फक्त प्रोस्टेटऐवजी ओटीपोटातल्या लिम्फ गाठींनाही रेडिएशन दिलं तर पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न वाढलेल्या रुग्णांचं प्रमाण 81.2 टक्क्यांवरून 95 टक्क्यांवर गेलं. 2021 मध्ये आलेल्या या निकालाची जगभर दखल घेतली गेली. पीएसएमए उपचारासाठी लागणारं ल्युटेशियम-177 मुंबईतच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. मात्र ज्या पेशींवर पीएसएमए नाही त्यांच्यावर हा उपचार चालत नाही, म्हणून न्यूरोएंडोक्राइन प्रकारात तो देण्याआधी नीट तपासावं लागतं. 2012 पासून चालू असलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातली कॅन्सर रुग्णालयं एकमेकांना जोडली गेली आहेत.

डॉक्टरांना काय विचारावं?

पीएसए कमी असूनही वजन उतरणं, नवी हाडदुखी, पोटात उजवीकडे जडपणा, लघवीतून रक्त अशी लक्षणं असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. पायांतली ताकद अचानक कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं हे मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. त्या दिवशीच रुग्णालय गाठावं.

उपचार चालू असताना विचारण्यासारखे प्रश्न चार. बायोप्सी रिपोर्टमध्ये न्यूरोएंडोक्राइन, डक्टल किंवा इंट्राडक्टल असा काही उल्लेख आहे का? आजार वाढला आहे तर नव्या जागेची बायोप्सी करता येईल का? स्कॅन आणि पीएसए एकमेकांशी जुळतात का? जनुकांची तपासणी करायला हवी का?

आणखी एक साधं काम घरच्यांनी करावं. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेल्या असतात, त्या मागून घेता येतात. दुसऱ्या शहरात दाखवायला जाताना लोक नुसता कागदी रिपोर्ट घेऊन जातात आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. हा आजार ज्या वेगाने चालतो, त्यात तेवढे आठवडे परवडत नाहीत. निघताना फाईलसोबत ब्लॉक आणि स्लाइडही पिशवीत असू द्याव्यात.